नामावळीतील प्रश्नाची रचना : त्र्यंबकेश्वरच्या वह्या आणि ग्राफ डेटाबेस

१

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेले त्र्यंबकेश्वर हे गोदावरीचे उगमस्थान व बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाचे स्थान म्हणून सर्वश्रुत आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र या क्षेत्राचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटते. तेथील तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या गेल्या आहेत. कुशावर्तावर स्नान करून श्राद्धादी विधी करणारा यजमान आपले नाव, पित्याचे व पितामहाचे नाव, भाऊ व पुत्र यांची नावे, गाव आणि आगमनाचा दिवस आपल्या उपाध्यायाच्या वहीत नोंदवितो. पुढे त्याचा पुत्र वा नातू आला म्हणजे ती जुनी नोंद त्याला दाखविली जाते आणि तिच्या पुढे नवी नोंद पडते. जुन्या नोंदी बहुधा मोडीत आहेत, अलीकडच्या बालबोधीत. या रीतीने एकेका घराण्याची वंशावळ कोणीही एकहाती न लिहिता, शे-दीडशे वर्षांच्या अवधीत, आलेल्यांच्याच सांगण्यावरून तयार होत गेली.

या वह्यांचा विचार आजवर मुख्यतः साधन म्हणून झाला आहे. त्यांत काय लिहिले आहे, ते कितपत विश्वसनीय आहे, कोणत्या घराण्याच्या इतिहासास त्याचा उपयोग होईल, हे प्रश्न अभ्यासकांनी विचारले. परंतु या वह्यांना प्रश्न कसा विचारला जातो, त्या प्रश्नाची घडण कशी असते, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः आज संगणकशास्त्रात ‘ग्राफ डेटाबेस’ या नावाने जी माहितीसाठवणीची पद्धती रूढ झाली आहे, तिच्यातील प्रश्नाची घडण आणि त्र्यंबकेश्वरी आलेल्या यजमानाच्या प्रश्नाची घडण यांत मूलभूत साम्य आहे. हे साम्य दाखविणे एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. नात्यांविषयीचा प्रश्न भाषेत सहज विचारता आला, यंत्राच्या व्याकरणात निर्दोष बसविता आला, तरी त्याचे उत्तर नोंदीच्या घडणीवर अवलंबून राहते. आणि नोंदीचे मौन म्हणजे नात्याचा अभाव असे मानले गेले की प्रश्न निर्दोष असूनही निर्णय चुकतो, हे येथे प्रतिपादावयाचे आहे.

२

प्रथम परिभाषा निश्चित केली पाहिजे. ज्या रचनेत काही बिंदू असतात आणि त्यांना जोडणारे बंध असतात, त्या रचनेस गणितात ग्राफ म्हणतात. वंशावळीत व्यक्ती हे बिंदू आणि ‘अमक्याचा पुत्र’, ‘अमक्याची पत्नी’ हे बंध होत. बंधाला प्रकार असतो व दिशाही असते: पुत्राकडून पित्याकडे जाणारा बंध आणि पित्याकडून पुत्राकडे येणारा बंध एकच असला तरी तो कोणत्या बाजूने वाचावयाचा हे सांगावे लागते.

बंधाचा प्रकार सांगणे किती आवश्यक आहे, हे त्र्यंबकेश्वरीच समाधिस्थ असलेल्या निवृत्तिनाथांच्या उदाहरणावरून चांगले कळते. निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे वडील बंधू आणि गुरू. म्हणजे या दोन बिंदूंमध्ये दोन भिन्न बंध आहेत. कुळाच्या बंधाने वर गेल्यास दोघेही विठ्ठलपंतांपाशी पोहोचतात. गुरुत्वाच्या बंधाने वर गेल्यास ज्ञानेश्वरांकडून निवृत्तिनाथांकडे, तेथून गहिनीनाथांकडे, गोरक्षनाथांकडे, मत्स्येंद्रनाथांकडे आणि आदिनाथांकडे अशी परंपरा लागते. ‘ज्ञानेश्वरांच्या आधीचे कोण?’ असा प्रकाररहित प्रश्न विचारला, तर दोन्ही मालिका एकमेकींत मिसळतील आणि जे उत्तर येईल ते ना वंशाचे असेल ना संप्रदायाचे.

आता यजमानाचा प्रश्न पाहावा. उपाध्यायाच्या दारी आलेल्या मनुष्यास प्रथम गाव विचारतात, मग आडनाव, मग वडिलांचे व आजोबांचे नाव. येणाऱ्याची इच्छा असते, आपल्या घराण्यातील पूर्वी कोण आले होते हे कळावे. या व्यवहाराचे पृथक्करण केले असता पाच अंग दिसतात. पहिले अंग आरंभबिंदू: गाव व आडनाव यांच्या योगे योग्य वही व योग्य पान सापडते, आणि आजोबांच्या नावाने त्या पानावरील नेमकी व्यक्ती ठरते. दुसरे अंग बंधाचा प्रकार: येथे तो पितापुत्रसंबंधाचा आहे. तिसरे अंग दिशा: आधी वर, पूर्वजांकडे, मग हवे असल्यास खाली, भाऊबंदांकडे. चौथे अंग लांबी: किती पिढ्या. पाचवे अंग फल: उत्तरात काय हवे. नुसते ‘होय’ वा ‘नाही’, व्यक्तींची नावे, की ज्या वाटेने त्या व्यक्तीपर्यंत पोहोचलो ती संपूर्ण वाट?

ग्राफ डेटाबेसच्या कोणत्याही प्रश्नभाषेत हीच पाच अंगे असतात. भेद एवढाच की, उपाध्याय व यजमान यांच्यामध्ये यांपैकी तीन अंगे रूढीने गृहीत असतात, त्यांचा उच्चार होत नाही. यंत्रासमोर पाचही उच्चारावी लागतात किंवा ती भाषा घडविणाऱ्याने आधीच कोठेतरी ठरवून ठेवलेली असतात. अनुच्चारित अंग कोणी व कसे ठरविले, हा या विषयातील महत्त्वाचा ऐतिहासिक प्रश्न होय.

३

नातेवाचक शब्द म्हणजे संक्षेपाने लिहिलेल्या वाटाच होत. ‘मामेबहीण’ हा शब्द उच्चारताच आईकडे, आईच्या पित्याकडे, तेथून मामाकडे आणि मामाच्या मुलीकडे जाणारी वाट श्रोत्यासमोर उभी राहते. नातेसंबंधांच्या शब्दांचे घटक वेगळे काढून त्यांचा अर्थ लावण्याची पद्धत गुडइनफ व लाउन्सबरी यांनी १९५६ मध्ये मांडली. त्याच्या तीन वर्षे आधी, १९५३ मध्ये, इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून प्रांतोप्रांतीच्या नातेवाचक शब्दांचा व विवाहरीतींचा मेळ कसा बसतो हे दाखविले होते. या दोन्ही कार्यांचा आधार घेऊन मराठीच्या शब्दांकडे पाहिले असता प्रश्नाच्या लांबीविषयी उद्बोधक माहिती मिळते.

मराठीत वरच्या दिशेने बाप, आजा, पणजा, खापरपणजा अशी चार पायऱ्यांना स्वतंत्र नावे आहेत. खालच्या दिशेने मुलगा, नातू, पणतू, खापरपणतू. त्यापलीकडे भाषा मोजणे थांबविते आणि एकदम ‘पूर्वज’ किंवा ‘मूळपुरुष’ असा शब्द वापरते. पैकी ‘पूर्वज’ म्हणजे कितीही पायऱ्या वर. ‘मूळपुरुष’ म्हणजे ज्याच्या वर नोंदीत आणखी पायरीच नाही असा बिंदू. लांबी निश्चित असलेली वाट आणि लांबी अनिश्चित असलेली वाट हा भेद भाषेनेच असा करून ठेवला आहे. याउलट दुसऱ्या एका बाबतीत मराठी शब्द संदिग्ध आहे. ‘आजोबा’ म्हणजे वडिलांचे वडील आणि आईचे वडीलही. पहिला बंध कोणता, हे त्या शब्दातून कळत नाही. श्राद्धाच्या संस्कृत परिभाषेत ही संदिग्धता चालत नाही. तेथे पिता, पितामह, प्रपितामह ही एक मालिका आणि मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह ही दुसरी. दुसऱ्या मालिकेत पहिला बंध मातेचा, पुढचे एक, दोन वा तीन बंध पित्याचे. प्रश्नाची इतकी काटेकोर मांडणी यंत्राच्या भाषेतही याहून वेगळी करता येणार नाही.

सर्वांत लक्षणीय शब्द ‘चुलत’ हा आहे. सख्खा भाऊ म्हणजे एक पायरी वर व एक खाली. चुलतभाऊ म्हणजे दोन वर व दोन खाली. चुलत चुलत भाऊ म्हणजे तीन वर व तीन खाली. चुलतकाका म्हणजे तीन वर व दोन खाली. ‘चुलत’ हे पद एकदा आले की वर एक आणि खाली एक अशा दोन पायऱ्या एकदम वाढतात, आणि चढणे व उतरणे यांचा तोल आपोआप राखला जातो. त्र्यंबकेश्वरचे विद्यमान मंदिर ज्यांनी बांधविले त्या नानासाहेब पेशव्यांच्या घराण्यात हे पडताळून पाहता येते. सदाशिवराव भाऊ हे चिमाजी अप्पांचे पुत्र, चिमाजी अप्पा व पहिले बाजीराव हे बाळाजी विश्वनाथांचे पुत्र. म्हणून भाऊ व नानासाहेब चुलतभाऊ. दुसरे बाजीराव हे रघुनाथरावांचे पुत्र असल्यामुळे नारायणरावांचे चुलतभाऊ आणि म्हणून सवाई माधवरावांचे चुलतकाका.

या साध्या शब्दामागे भाषाशास्त्रातील एक गहन भेद दडला आहे. ‘कितीही पायऱ्या वर’ हा साचा क्लीनी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमित अभिव्यक्तींत मांडता येतो. परंतु ‘जितक्या पायऱ्या वर तितक्याच खाली’, म्हणजे समान पिढीचे सर्व भाऊबंद, हा साचा नियमित अभिव्यक्तींच्या शक्तीबाहेरचा आहे; त्याला चॉम्स्की यांच्या वर्गीकरणातील संदर्भमुक्त व्याकरण लागते, कारण चढताना केलेली मोजणी उतरताना स्मरणात ठेवावी लागते. मराठीने ही अडचण चढ व उतार एकाच पदात बांधून सोडविली. यंत्राच्या प्रश्नभाषांतील वाटांचे साचे बहुतांशी नियमित अभिव्यक्तींवर उभारलेले असल्यामुळे, मराठी बोलणारा जे एका पदाच्या द्विरुक्तीने सांगतो ते त्यांच्यात वेगळ्या उपायाने साधावे लागते.

४

यंत्राच्या प्रश्नभाषांचा इतिहास म्हणजे या पाच अंगांपैकी एकेकाचा उच्चार कसा होत गेला त्याचा इतिहास होय. चार्ल्स बाखमन यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत माहितीसाठवणीची जी पद्धती रचली, तीत एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीकडे नेणारे दुवे होते आणि कार्यक्रम लिहिणाऱ्याने त्या दुव्यांवरून स्वतः वाट काढीत जावयाचे असे. १९७३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात त्यांनी कार्यक्रमकाराला नाविकाची उपमा दिली. वही उघडून, पान काढून, एका लेखावरून दुसऱ्याकडे जाणारा उपाध्याय हा या अर्थाने नाविकच होय. कोणत्या वहीतून कोणत्या वहीत जावयाचे हे ज्ञान त्याच्या ठायी असते, प्रश्नात नसते.

१९७० मध्ये एडगर कॉड यांनी याच्या उलट विचार मांडला. प्रश्न विचारणाऱ्याने काय हवे ते सांगावे, ते कसे शोधावे हे यंत्राने ठरवावे. सर्व माहिती तक्त्यांच्या रूपाने ठेवावी व तक्ते जोडून उत्तर काढावे. यजमानाची भूमिका हीच असते: त्याला वाट ठाऊक नसते, हवे ते ठाऊक असते. कॉड यांच्या मांडणीने पुढील अर्धशतकाचा व्यवहार व्यापला. परंतु वंशावळीच्या प्रश्नापुढे तिची मर्यादा उघड झाली. आजा हवा तर पितापुत्रांचा तक्ता स्वतःशी एकदा जोडावा लागतो, पणजा हवा तर दोनदा. मात्र ‘सर्व पूर्वज’ हवे असतील तर किती वेळा जोडावे हे आगाऊ सांगता येत नाही. आहो व उलमन यांनी १९७९ मध्ये सिद्ध केले की कॉड यांच्या बीजगणितात हा प्रश्न मांडताच येत नाही. रूढ प्रश्नभाषेच्या प्रमाणात पुनरावर्तनाची सोय १९९९ मध्ये झाली, तेव्हा हे न्यून भरून निघाले.

दरम्यान १९८७ मध्ये क्रूझ, मेंडेलझोन व वुड यांनी प्रश्नच ग्राफच्या आकृतीने मांडावा आणि बंधांवर नियमित अभिव्यक्ती लिहाव्यात अशी भाषा सुचविली. प्रश्न म्हणजे एक लहान आकृती. उत्तर म्हणजे मोठ्या ग्राफमध्ये ती आकृती जेथे जेथे बसते ती ती स्थळे. आजच्या बहुतेक ग्राफ प्रश्नभाषांचा पाया हाच आहे. स्पार्कल ही भाषा २००८ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली गेली व २०१३ च्या आवृत्तीत तीत अनिश्चित लांबीच्या वाटा आल्या. निओ-फोर-जे या डेटाबेससाठी २०११ मध्ये सायफर ही भाषा तयार झाली. तीत बिंदू गोल कंसात आणि बंध बाणाने लिहितात, त्यामुळे प्रश्नाचे लेखन त्या आकृतीचेच रेखाटन होते. एप्रिल २०२४ मध्ये जीक्यूएल या नावाने ग्राफ प्रश्नभाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झाले.

या भाषांत बाह्यतः एकच असलेला प्रश्न भिन्न उत्तरे देऊ शकतो, आणि त्याचे कारण अनुच्चारित अंगात असते. सदाशिवराव भाऊंपासून दोन पायऱ्या वर व दोन खाली अशी आकृती मांडली असे समजा. सायफरमध्ये एका आकृतीत तोच बंध दोनदा वापरता येत नाही. त्यामुळे बाळाजी विश्वनाथांपर्यंत चढल्यावर चिमाजी अप्पांच्या बंधाने परत उतरता येत नाही, बाजीरावांच्याच बंधाने उतरावे लागते, आणि उत्तरात नानासाहेब, रघुनाथराव आदी बाजीरावपुत्र येतात. स्पार्कलमध्ये असा निर्बंध नाही. तेथे त्याच आकृतीच्या उत्तरात खुद्द भाऊसाहेबही आपले स्वतःचे चुलतभाऊ म्हणून अवतरतात. मराठी बोलणाऱ्यास हा निर्बंध सांगावा लागत नाही, कारण तो ‘चुलत’ शब्दाच्या अर्थातच आहे. यंत्राला तो सांगावा लागतो. आणि २०२४ च्या प्रमाणात वाटेने बिंदूंची वा बंधांची पुनरुक्ती करावी की नाही हे प्रश्नातच स्पष्ट लिहिण्याची तरतूद आहे.

फलाच्या अंगाविषयीही असाच वाद झाला. अनिश्चित लांबीच्या वाटेच्या प्रश्नात वाट आहे एवढे सांगावे, की अशा वाटा किती ते मोजावे? स्पार्कलच्या नव्या आवृत्तीच्या मसुद्यात वाटा मोजण्याचा मार्ग स्वीकारलेला होता. आरेनास, कोन्का व पेरेझ यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की अगदी लहान ग्राफवरही ही मोजणी यंत्राच्या आवाक्याबाहेर जाते. परिणामी २०१३ च्या अंतिम प्रमाणात अशा प्रश्नांपुरते वाटेचे अस्तित्वच पाहावयाचे असे ठरले. हा वाद केवळ तांत्रिक वाटेल. पण महाराष्ट्रातील वंशावळीत त्याला प्रत्यक्ष अर्थ आहे. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल येथील अनेक समाजांत आहे. असा विवाह झाला की त्या दांपत्याच्या पुत्राच्या वडिलांच्या आईचे वडील आणि आईच्या वडिलांचे वडील ही एकच व्यक्ती असते. त्या पूर्वजापर्यंत किती वाटा, तर दोन. किती व्यक्ती, तर एक. वाट आहे काय, तर आहे. तीन प्रश्न, तीन उत्तरे, आणि तिन्ही खरी.

५

लांबीच्या अंगाचा उच्चार यंत्राच्याही आधी धर्मशास्त्राने व कायद्याने केला आहे. सपिंड कोणास म्हणावे हे ठरविताना याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेने पित्याच्या बाजूने सात व मातेच्या बाजूने पाच पिढ्यांची मर्यादा मानली. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याने ती पित्याच्या बाजूने पाच व मातेच्या बाजूने तीन अशी आणली. त्यातही अधिनियमाने एक गोष्ट आवर्जून स्पष्ट केली आहे: पिढी मोजताना ज्या व्यक्तीपासून आरंभ करावयाचा तीच पहिली पिढी धरावी. हे स्पष्ट केले नसते तर केवढा घोटाळा झाला असता ते सहज ध्यानात येईल. पाच पिढ्या म्हणजे पाच बिंदू. त्यांना जोडणारे बंध मात्र चारच. ग्राफ प्रश्नभाषांत लांबी बंधांनी मोजतात. कायद्यातील ‘पाच’ हा आकडा तसाच उचलून यंत्राच्या प्रश्नात घातला, तर निषिद्ध कक्षा एका पिढीने वाढेल आणि ज्यांचा विवाह कायद्याने मुळीच अडत नाही असे वधूवर सपिंड ठरतील.

शिवाय याच अधिनियमाने प्रश्नाला एक अपवादही जोडला आहे. उभय पक्षांच्या रूढीस तसा विवाह संमत असेल तर सपिंडसंबंध आड येत नाही. मामाच्या मुलीशी होणारे विवाह याच अपवादामुळे वैध ठरतात. म्हणजे प्रश्नाचा एक भाग वाटेवर अवलंबून आहे आणि दुसरा भाग दोन्ही टोकांच्या बिंदूंविषयीच्या अशा माहितीवर, जी वंशावळीत लिहिलेलीच नसते. येथे प्रश्नाच्या व्याकरणाकडून नोंदीच्या घडणीकडे वळणे क्रमप्राप्त होते.

६

त्र्यंबकेश्वरच्या वह्या गाव व आडनाव या दोन खुणांवर लावलेल्या आहेत आणि त्यांतील पाठीचा कणा पितापुत्रबंध हा आहे. म्हणून पित्याच्या वाटेचा प्रश्न तेथे थोड्या अवधीत सुटतो. मातेच्या वाटेची स्थिती निराळी आहे. मुलगी विवाहानंतर दुसऱ्या गावी, दुसऱ्या आडनावात जाते. म्हणजे ज्या दोन खुणांवर वही लावलेली, त्या दोन्ही एकदम बदलतात. सासरच्या गावाचे उपाध्याय निराळे असतील तर नोंदीचे घरही बदलते. आणि महाराष्ट्रात विवाहसमयी वधूचे नाव बदलण्याची चाल दीर्घकाळ असल्यामुळे तिसरी खूणही पुसली जाते. माहेरच्या वहीत मुलगी म्हणून आलेली स्त्री आणि सासरच्या वहीत पत्नी वा माता म्हणून आलेली स्त्री ही एकच आहे, हे सांगणारा बंध बहुधा कोठेच नसतो. ग्राफच्या भाषेत बोलावयाचे तर एका व्यक्तीचे दोन बिंदू झालेले असतात आणि त्यांच्यामधील वाट तुटलेली असते.

दत्तकाच्या बाबतीत याच्या उलट दोष संभवतो. दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ मध्ये धोंडोपंतांना दत्तक घेतले; तेच पुढे १८५७ च्या युद्धातील नानासाहेब. ज्या घराण्याच्या वहीत दत्तकपुत्राची नोंद केवळ ‘पुत्र’ अशी झाली असेल, तेथे औरस व दत्तक हे दोन प्रकारचे बंध एकरूप होतात. वारसाच्या प्रश्नाला ते चालेल. रक्तसंबंधाच्या प्रश्नाला चालणार नाही.

यापुढचा प्रश्न मौनाचा. जे नोंदीत नाही ते नाहीच असे मानावे काय? रेमंड रायटर यांनी १९७८ मध्ये या गृहीतास ‘बंदिस्त जगाचे गृहीत’ असे नाव दिले. रेल्वेच्या वेळापत्रकास ते योग्य आहे: ज्या गाडीचा उल्लेख नाही ती गाडी नाही. वंशावळीस ते योग्य नाही. नारायणरावांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. त्या वर्षाअखेर पेशव्यांच्या वंशावळीस ‘नारायणरावांचा पुत्र कोण?’ असा प्रश्न केला असता तर उत्तर रिकामे आले असते, आणि रघुनाथरावांच्या पेशवेपदावरील दाव्याचे बळ बरेचसे या रिकामेपणातच होते. परंतु गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी नोंदीतील रिक्त जागेला अभाव न समजता अनिश्चितता समजून कारभार हाती घेतला, आणि एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला. रिकामे उत्तर कसे वाचावयाचे, या एका गोष्टीवर मराठी राज्याच्या पुढील दोन दशकांची दिशा ठरली.

आधुनिक काळात हा विवेक अधिक निकडीचा झाला आहे. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ याच्या ३२ व्या कलमाने रक्त, विवाह वा दत्तक यांच्या नात्याविषयी, वाद उत्पन्न होण्यापूर्वी, विशेष माहिती असलेल्या मृत व्यक्तीने केलेल्या कथनास पुराव्यात स्थान दिले होते. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली. या तत्त्वाचा समावेश त्यातही आहे. तीर्थक्षेत्रींच्या वह्या न्यायालयांपुढे आल्या आहेत त्या मुख्यतः या तत्त्वाच्या आधारे. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा समाजातील व्यक्तींच्या कुणबी म्हणून असलेल्या जुन्या नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला. २६ जानेवारी २०२४ रोजी शासनाने जातप्रमाणपत्राच्या नियमांत दुरुस्ती सुचविणारा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या होती: अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा व त्यापूर्वीच्या पिढ्यांत सजातीय विवाहांतून जोडले गेलेले नातेवाईक.

त्या मसुद्याच्या इष्टानिष्टतेचा निर्णय करणे हा येथील विषय नव्हे. मात्र प्रश्नाची रचना म्हणून ती व्याख्या अभ्यसनीय आहे. ‘सगे’ म्हणजे रक्ताच्या बंधाने जोडलेले, ‘सोयरे’ म्हणजे विवाहाच्या बंधाने जोडलेले. व्याख्येत आरंभबिंदू आहे, बंधांचे दोन प्रकार आहेत, वरची दिशा आहे, लांबी पणजोबांपर्यंत मोजलेली व त्यापुढे मोकळी सोडलेली आहे, आणि विवाहबंधावर सजातीयत्वाची अट आहे. मराठीतील एका जुन्या जोडशब्दाला अशा रीतीने संपूर्ण प्रश्नाचे रूप आले. पण या प्रश्नाचा जो भाग विवाहबंधाने जातो, नेमका त्याच ठिकाणी जुन्या वह्यांतील वाट तुटलेली आहे. पित्याच्या वाटेने नाते सिद्ध करणाऱ्यास एका वहीचे एक पान पुरते. मातेच्या वा सोयरिकीच्या वाटेने सिद्ध करणाऱ्यास दोन गावांच्या, कदाचित दोन घरांच्या वह्या आणि एकाच स्त्रीची दोन नावे जुळवावी लागतात. दोघांचे नाते सारखेच खरे असले, तरी दुसऱ्याच्या हाती ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा पडण्याचा संभव कितीतरी अधिक.

७

येथवरच्या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. नात्यांविषयीच्या प्रश्नास आरंभबिंदू, बंधाचा प्रकार, दिशा, लांबी व फल अशी पाच अंगे असतात, आणि ती त्र्यंबकेश्वरच्या वहीपुढे, कायद्याच्या कलमात व यंत्राच्या भाषेत सारखीच आढळतात. गेल्या साठ वर्षांत प्रश्नभाषांची जी प्रगती झाली ती मुख्यत्वे अनुच्चारित अंगांचा उच्चार करण्याच्या दिशेने झाली. परंतु दोन गोष्टी कोणतीही प्रश्नभाषा आपल्या पदरची घालू शकत नाही: दोन नावांमागील एक व्यक्ती ओळखणे आणि रिकाम्या उत्तराचा अर्थ लावणे.

म्हणून जुन्या वह्यांची छायाचित्रे घेऊन त्या संगणकात उतरविण्याचे काम जेथे कोठे हाती घेतले जाईल, तेथे नोंद उतरविणाऱ्यांनी तीन पथ्ये पाळावीत. नोंदीचा दिवस व ती सांगणारी व्यक्ती ही नोंदीपासून अलग करू नयेत, कारण प्रत्येक लेख हे त्या दिवशीचे त्या माणसाचे कथन आहे. औरस, दत्तक, सावत्र हे भेद मूळ लेखात असतील तर ते बंधाच्या प्रकारात तसेच राखावेत, एका ‘पुत्र’ शब्दात विरघळू देऊ नयेत. आणि माहेरचे नाव व सासरचे नाव यांना जोडणारा बंध, जेथे जेथे कुटुंबाच्या सांगण्यावरून तो मिळेल तेथे तेथे, सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवावा. हे शेवटचे काम मोडीच्या जाणकाराला किंवा संगणकाच्या जाणकाराला एकट्याने होण्यासारखे नाही. ते घरोघरच्या वृद्ध स्त्रियांना विचारूनच होईल, आणि त्यांची पिढी दिवसेंदिवस विरळ होत आहे.